साहेबाचा कोट

आमच्या वर्गात एक कोट होता. करड्या रंगाचा, जाड लोकरीचा, मुंबईच्या हवेत कुणी शहाणा माणूस अंगाला लावणार नाही असा. सर तो रोज हातावर टाकून गिरगावातून ट्रामने परळला आणायचे आणि वर्ग सुटला की तसाच परत न्यायचे. स्वतः कधी घालायचे नाहीत. देश स्वतंत्र झाल्यावर जे गोरे साहेब सामानसुमान विकून विलायतेला गेले, त्यांतल्या कुणाचा तरी तो होता आणि सरांनी तो चोरबाजारातून घासाघीस करून आणला होता. त्याला डांबरगोळ्यांचा वास यायचा. अजूनही कुणाची ट्रंक उघडली आणि तो वास आला की मला इंग्रजी आठवतं.

वर्ग म्हणजे परळच्या एका म्युनिसिपल शाळेतली खोली. सकाळी तिथे पहिलीची मुलं बसत, संध्याकाळी आम्ही. बाकं त्यांच्या मापाची. त्यामुळे गिरणीतून थेट आलेले बाप्ये गुडघे छातीशी घेऊन बसायचे आणि भिंतीवरच्या कमळ-गणपतीच्या चित्रांखाली इंग्रजी गिरवायचे. एक बसकंडक्टर होता, एक छापखान्यात खिळे जुळवणारा होता, बाकी बहुतेक गिरणीतले. बाई मी एकटीच. मी मॅट्रिकला इंग्रजीत गचकले होते आणि जवळच्या एका प्रसूतिगृहात मदतनीस होते. कारकुनाची जागा हवी तर इंग्रजी पत्र लिहिता आलं पाहिजे, असं तिथल्या मेट्रनने मला स्पष्ट सांगितलं होतं. घरी लालबागला आईने थोडी कुरकुर केली, शेजारणींनी थोडी जास्त केली, आणि मी जायला लागले.

सर वर्गात सगळ्यांना 'आपण' म्हणत. साचेखात्यात दिवसभर मागांवर उभं राहून आलेल्या माणसालासुद्धा 'मिस्टर' आणि 'आपण'. मी 'मिस'. पहिल्या दिवशी त्यांनी मला "मिस, आपण काय करता?" असं विचारलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं, दुसरी कोण आली म्हणून. वर्गाबाहेर पडून ट्रामच्या थांब्यावर उभे राहिले की मात्र तेच सर "काय रे, जेवलास का?" म्हणायचे. उंबऱ्याच्या आत एक माणूस आणि बाहेर दुसरा, असं त्यांचं होतं आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे.

अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज नावाचं प्रकरण त्यांनी आम्हाला ज्या तऱ्हेने शिकवलं ती तऱ्हा दुसरीकडे कुठे मी पाहिली नाही. शेजारी बसलेल्या माणसाची ओळख करून द्यायची, पण नाव घ्यायचं नाही. 'धिस इज द मॅन हू' एवढं म्हणायचं आणि पुढे आपलं आपण बघायचं. "नाव कुणालाही असतं," सर म्हणत, "ते आईबाप ठेवतात. माणसाने स्वतः काय केलं ते 'हू'च्या पुढे येतं." पहिले काही दिवस नुसता गोंधळ. कंडक्टरने शेजाऱ्याबद्दल सांगितलं, हा तो माणूस आहे जो माझी तंबाखू खातो. शेजाऱ्याने परतफेड केली, हा तो माणूस आहे जो सुट्टे पैसे देत नाही. माझ्याबद्दल छापखानेवाला म्हणाला, ही ती बाई आहे जी हसत नाही. तेव्हा मी हसले, आणि सरांनी फळ्यावरचं वाक्य पुसून "आता दुसरं करा, हे खोटं ठरलं" म्हणून त्याला सांगितलं.

पण सरांचा खरा जीव होता पत्रांत. आणि तिथे त्यांचा एक कायदा होता. त्या काळी कुठलाही अर्ज 'आय बेग टु स्टेट' असाच सुरू व्हायचा आणि 'युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट' असाच संपायचा. रजा मागा, बदली मागा, नळाची तक्रार करा, सुरुवात भीक मागून. आम्ही सगळे ते पाठ करूनच आलो होतो. पहिल्या पत्राच्या दिवशी सरांनी सगळे कागद गोळा केले, पहिल्या ओळी वाचल्या आणि टोपी काढून टेबलावर ठेवली. टोपी काढली म्हणजे सर रागावले, हे आम्हाला नंतर कळलं.

"भिकारी कोण आहे या वर्गात? हात वर करा."

कुणी हात वर केला नाही.

"मग 'बेग' कशाला लिहिता? 'युवर्स फेथफुली' लिहा. इमानी असावं माणसाने. पण इमान वेगळं आणि ही लाचारी वेगळी. माझ्या वर्गात भीक चालणार नाही."

आणि मग तो कोट. पत्र लिहून झालं की एकाने कोट घालून सरांच्या खुर्चीत बसायचं. तो साहेब. ज्याने पत्र लिहिलं त्याने समोर ताठ उभं राहून ते वाचायचं. साहेबाने हसायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, शेवटपर्यंत ऐकायचं, मग फक्त एक प्रश्न विचारायचा आणि 'मंजूर' किंवा 'नामंजूर' सांगायचं. चहा आला तर साहेबाला शेवटी. "पत्र कागदाला लिहीत नाहीत," सर म्हणायचे, "पलीकडे कुणीतरी बसलेला असतो. त्याच्या डोळ्याला डोळा देऊन जे वाचता येणार नाही ते लिहू नका."

माझी पाळी आली तेव्हा मी नाही म्हटलं. लुगड्यावर कोट, आणि बाप्यांसमोर खुर्चीत? सर कोट पुढे धरून उभे राहिले. हात दुखायला लागले असतील तरी खाली घेईनात. शेवटी मी तो घातला. बाह्या माझ्या बोटांच्याही पुढे लोंबत होत्या. समोर कंडक्टर उभा राहिला, माझ्या बापाच्या वयाचा, आणि रजेचा अर्ज वाचायला लागला. मी ऐकलं, प्रश्न विचारला, आणि कारण पटलं नाही म्हणून नामंजूर म्हणाले. तो "येस, मॅडम" म्हणून मान लववून बाकावर जाऊन बसला. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या हो-नाहीची वाट बघितली होती. त्या रात्री मला घरी आईशी धड बोलता आलं नाही, इतकी मी आतून भरून आले होते.

एकदा सरांनी शाळेसमोरच्या रस्त्यावरच्या बंद पडलेल्या दिव्याबद्दल पत्र लिहायला लावलं. उगाच सराव म्हणून नाही, खरोखरचं पत्र, म्युनिसिपालटीला. वर्गाने मिळून लिहिलं, कोटवाल्याने मंजूर केलं, सरांनी पोस्टात टाकलं. बऱ्याच दिवसांनी एका संध्याकाळी दिवा लागला. आमच्या पत्राने लागला की त्याचा नंबरच आला होता, देव जाणे. पण सर आम्हाला सगळ्यांना खाली रस्त्यावर घेऊन गेले आणि आम्ही येड्यासारखे त्या दिव्याकडे बघत उभे राहिलो. "भीक न मागता लागलाय," सर म्हणाले. आम्हाला ते खरं वाटलं.

तातूला तर सगळ्यांत जास्त खरं वाटलं. तातू मालवणकडचा, लालबागच्या आमच्याच गल्लीतला, गिरणीत साचेखात्यात. गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून व्हायचं त्याच्या मनात होतं. खोलीत बायको, दोन लहान पोरं, गावाकडे म्हातारी. पाठ करण्यात मठ्ठ, पण एकदा पटलं की पक्कं. अर्ज वाचताना तो इतका ताठ उभा राहायचा की सर म्हणायचे, "मिस्टर, श्वास घेतलात तरी चालेल."

मग ते दिवस आले. संयुक्त महाराष्ट्रासाठी सगळं गिरणगाव उठलं. सभा, मोर्चे, अश्रुधूर, फोर्टात गोळीबार, लालबागला संचारबंदी. आमच्या प्रसूतिगृहात बाया पोलिसांच्या गाडीतून बाळंतपणाला यायच्या. वर्ग कधी भरायचा, कधी नाही. आणि भरला की भांडण व्हायचं. एके दिवशी छापखानेवाल्याने उभं राहून विचारलंच.

"सर, बाहेर मराठी राज्य मागायचं आणि आत बसून इंग्रजी घोकायचं, ही काय तऱ्हा?"

सरांनी टोपी काढली नाही. "राज्य मराठीतच मागा. मीही मागतो," ते म्हणाले. "पण आज ज्याच्या हातात तुमचा कागद पडतो तो इंग्रजीत वाचतो. उद्या आपलं राज्य येईल, तो मराठीत वाचेल. खुर्ची तेव्हाही असेल. तिच्यासमोर उभं कसं राहायचं, ते मी शिकवतो. भाषेचं काय, ती बदलेल."

तातू सत्याग्रहात गेला आणि पकडला गेला. काही दिवस आत राहून आला तेव्हा दाढी वाढली होती आणि चेहऱ्यावर तेज होतं. पण गिरणीच्या गेटवर त्याला अडवलं. लेबर ऑफिसरने सांगितलं, इंग्रजीत माफीनामा लिहून दे. मला लोकांनी फितवलं, माझी चूक झाली, पुन्हा असं करणार नाही, पदरात घ्या. मग बघू.

तातूने लिहिलं, पण आपलं. वर्गात वाचून दाखवलं तेव्हा योगायोगाने कोट माझ्या अंगावर होता. मी गैरहजर होतो, कारण मी तुरुंगात होतो. मी माझ्या मनाने गेलो होतो. माझ्या मागावर मी आजवर कसूर केलेली नाही. मला कामावर परत घ्यावं. एवढंच पत्र. कुठे 'बेग' नाही, शेवटी 'फेथफुली'. नियमाप्रमाणे एक प्रश्न विचारायचा, तो मला सुचेना. मी मंजूर म्हणाले. वर्गाने बाकं बडवली. सरांनी बडवली नाहीत. एका शब्दाचं स्पेलिंग दुरुस्त करून त्यांनी कागद तातूला दिला आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

गिरणीने पत्र परत दिलं. सांगितलंय तसं लिहून शनिवारपर्यंत आण, नाहीतर नाव कमी. तातूच्या बायकोने ते आमच्या चाळीच्या नळावर माझ्या आईला सांगितलं. तिचे डोळे सुजलेले होते. "बायो, तुझ्या मास्तरांक सांग," ती मला म्हणाली, "ह्येका कायतरी लिवन देवा म्हणा. ह्यो काय माझा आयकणार नाय."

शुक्रवारी संध्याकाळी सर आले तेव्हा त्यांना सगळं कळलेलं होतं. मी उठून म्हणाले, "सर, चूक माझी. मी उगाच मंजूर म्हटलं."

"नाही, मिस," ते म्हणाले. "आपण साहेबाने ऐकावं तसं ऐकलंत. चूक माझी आहे. मी तुम्हाला ऐकणारा साहेब दाखवला."

मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, आमच्याकडे न बघता, त्यांनी आपली नोकरी सांगितली. तोवर आम्हाला एवढंच ठाऊक होतं की ते फोर्टात एका मोठ्या कंपनीत आहेत. कंपनीत येणारे अर्ज आधी सरांच्या टेबलावर यायचे. ज्यात हात जोडलेले नाहीत ते साहेबापर्यंत जाऊ द्यायचे नाहीत, असा तिथला हुकूम होता. अशा अर्जांना नकाराचं उत्तर सरच लिहायचे. सकाळी बसायचे ते संध्याकाळपर्यंत 'वुई रिग्रेट' लिहायचे आणि मग घरून कोट घेऊन ट्रामने आम्हाला शिकवायला यायचे.

"आपलं पत्र मी वाचलं तेव्हाच मला ठाऊक होतं," ते तातूला म्हणाले. "माझ्या टेबलावर ते आलं असतं तर मीही परत केलं असतं. पण वर्ग बाकं बडवत होता. मला बोलवेना."

तातू उठला. "मग आता काय करू, सर?"

"माफीनामा द्या."

"ता माझ्यानं होवचा नाय. माका कोणी फितवूक नाय. मी माझ्या मनानं गेलंय. आणि भीक मागाची नाय, ह्या तुमीच शिकवलात."

"शिकवलं. आपल्या घरात पोरं आहेत."

"पोरां मोठी झाल्यावर त्यांका काय सांगू?"

सरांनी टेबलाशी बसून लिहायला घेतलं. आमच्यासाठी त्यांनी कधी एक ओळ लिहिली नव्हती. ज्याचं पत्र त्याने लिहायचं हा त्यांचा दुसरा कायदा. खोलीत टाकाचा आवाज तेवढा येत होता. लिहून झाल्यावर त्यांनी कोट उचलला आणि तातूसमोर धरला.

"घाला, मिस्टर."

तातूला कळेना. आम्हालाही कळेना. त्याने घातला. सरांनी त्याला दंडाला धरून खुर्चीत बसवलं, स्वतः टेबलाच्या या बाजूला आले आणि आम्ही उभे राहायचो त्या जागी उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी काखेत धरली. कागद छातीपाशी धरला आणि वाचायला सुरुवात केली.

"आय बेग..."

मला मान वर करवेना. प्रत्येक ओळीत भीक होती. मी अडाणी आहे, मला फितवलं गेलं, मी आपल्या दयेवर जगतो, माझ्या लेकरांकडे बघा, आपला अत्यंत आज्ञाधारक नोकर. सर सगळं वाचत गेले, एक शब्द गाळला नाही. आवाज चढला नाही की पडला नाही. तातू त्या लोकरी कोटात घामाने निथळत होता. नियमाप्रमाणे त्याने शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये बोलला नाही.

वाचून झाल्यावर सर थांबले. आता साहेबाचा एक प्रश्न.

तातू म्हणाला, "अर्जदाराक... दुसरो काय इलाज नाय?"

"नाही, सर," सर म्हणाले.

तातूला त्यांनी 'सर' म्हटलं. तातू रडत होता. रडत रडतच तो म्हणाला, "मंजूर."

"आभारी आहे." सरांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि कागद टेबलावर त्याच्यापुढे सरकवला. "भीक मी मागितली, आपण ती मंजूर केलीत. हे प्रकरण इथे संपलं. आता याची फक्त नक्कल करून गिरणीत द्यायची. नक्कल करणारा काही मागत नसतो. आणि पोरांना सांगायचं झालं तर हे सांगा."

तातूने तिथेच बसून, कोट न काढता, नक्कल केली.

शनिवारी गिरणीने त्याला आत घेतलं. त्यानंतर तो काही आठवडे वर्गाला आला नाही. गल्लीत भेटला की खाली बघून जायचा. मग एका संध्याकाळी येऊन मागच्या बाकावर गुडघे वर घेऊन बसला. सर म्हणाले, "गुड इव्हिनिंग, मिस्टर," आणि शिकवत राहिले. त्याच सुमाराला आलेल्या एका नव्या माणसाने सवयीने 'आय बेग' लिहिलं. आम्ही सगळे सरांकडे बघायला लागलो, आता काय म्हणतात म्हणून. सरांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"इथे भीक चालत नाही," ते म्हणाले. पूर्वीसारखंच.

मला त्या क्षणी त्यांचा जितका आदर वाटला तितका पुढे आयुष्यात फार थोड्या माणसांचा वाटला. आपण स्वतः मोडलेला कायदा दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तसाच ताठ उभा करायला फार मोठं काळीज लागतं.

राज्य आलं तेव्हा सगळ्या लालबागमध्ये रोषणाई होती. सर पेढे घेऊन आले आणि म्हणाले, आजपासून एक दिवस इंग्रजी, एक दिवस मराठी अर्ज. मराठी अर्ज आले. 'कृपाळू होऊन', 'गरिबावर दया करून', 'आपला आज्ञाधारक'. सरांनी ते वाचले, थोडं हसले आणि टोपी काढली.

पुढे मला कारकुनाची जागा मिळाली, वर्ग विरला, ट्रामही गेली. सर वारले हे मला तातूकडूनच कळलं. तो तेव्हा टाइम ऑफिसात लागलेला होता. जुने चार-सहा जण मिळून आम्ही गिरगावातल्या त्यांच्या खोलीवर भेटायला गेलो. सरांनी लग्न केलेलं नव्हतं. पुतण्या होता, भला माणूस, कॉलेजात शिकवणारा. त्याने विचारलं, "आपण कोण?"

ठरवलं नव्हतं, पण कुणीच नाव सांगितलं नाही. सरांच्या दारात नाव सांगायचं म्हणजे बरं वाटेना. कंडक्टर म्हणाला, सरांना ज्याने रोज ट्रामपर्यंत सोडलं तो मी. मी म्हणाले, सरांनी जिच्यासमोर हात दुखेपर्यंत कोट धरला ती मी. पुतण्या जरा गोंधळला. मग त्याने तातूकडे पाहिलं. तातू आता केस पिकलेला, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

"सरांनी एकदा माझ्यासमोर उभं राहून अर्ज केला होता," तातू म्हणाला. "तो अर्ज ज्यानं मंजूर केला, तो मी."

पुतण्याला वाटलं, कुणी मोठा अधिकारी आलाय. त्याने लगबगीने कोपऱ्यातली खुर्ची ओढली, पंच्याने पुसली आणि पुढे केली. "बसा ना, साहेब."

तातू बसला नाही. आम्ही निघेपर्यंत तो सरांच्या फोटोसमोर तसाच उभा राहिला, ताठ.